सायकलीवरील लांब फेरी व तिच्या पायऱ्या

ह्या वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं आम्हीं कांहींतरी लिहावें, असा संपादक-विद्यार्थ्यांचा दरवर्षीं आग्रह असतो, व आम्हीही गणिताविषयीं किंवा भाषेविषयीं चार गोष्टी लिहून त्या आग्रहांतून सुटका करून घेतों. यंदां मात्र विषय शोधावा लागला नाहीं. गेल्या दिवाळीच्या आधीं आमच्या हातून एक चूक घडली. ती ज्या मुलांच्या व पालकांच्या बाबतींत घडली, तीं सर्व मंडळी हें वार्षिक वाचतात. तेव्हां त्या चुकीविषयीं, व तिच्यामुळें आमचें जें मत बनलें त्याविषयीं, येथेंच लिहिणें आम्हांस योग्य वाटतें.

चूक अशी. ऑक्टोबर महिन्यांतील एका शनिवारीं आठवी-नववीच्या अकरा मुलांना घेऊन आम्ही सायकलीनें डोंगरगणास गेलों. अहिल्यानगरच्या (आमच्या पिढीच्या जिभेवर अजून ‘नगर’च येतें) उत्तरेस डोंगराच्या कुशींत हें गांव आहे. तेथील महादेवाचें देऊळ, झरा व घळ पाहण्यास पावसाळ्यानंतर पुष्कळ लोक जातात. इंग्रजी अमदानींतील साहेबलोक ह्या जागेस ‘हॅपी व्हॅली’ म्हणत. अंतर जुन्या लोकांच्या हिशेबानें दहा मैल, म्हणजे सुमारें सोळा किलोमीटर, जाऊन-येऊन बत्तीस. ह्या अकरा जणांपैकीं बहुतेकांची रोजची मजल घर ते शाळा, म्हणजे दीड-दोन किलोमीटरांची. परंतु मुलांचा उत्साह दांडगा, व आमचाही कांहीं कमी नव्हता. “सर, बत्तीस म्हणजे काय मोठं? पाय मारत राहायचं!” असें एकानें म्हटलें, आणि आम्हीं मान डोलावली.

निघण्यास साडेआठ वाजले. कोणी चहा-बिस्किटांवर आलेला, कोणी तेवढेंही न खातां. पाण्याच्या बाटल्या अकरांत पांच. जातांना वाट सुखाची झाली. परततांना मात्र घळींतून वर येणारा चढ, माथ्यावर ऑक्टोबरचें ऊन, आणि पुढच्या चार-पांच जणांनीं आपापसांत लावलेली शर्यत, ह्यांत नववीचा एक मुलगा मागें पडला व पिंपळगांव माळवीच्या अलीकडे सायकलीवरून उतरून रस्त्याच्या कडेस बसला. अंग घामानें ओलें, पण हात गार. दोनदां उलटी झाली. डोळ्यांपुढें अंधारी येते म्हणाला. त्यास बाभळीच्या सावलींत निजविलें, रुमाल भिजवून मानेवर ठेवला, घोट घोट पाणी पाजलें, व अर्ध्या तासानें एक दुधाचा टेंपो मिळाला त्यांतून शहरांत आणिलें. डॉक्टरांनीं ऊन लागलें आहे, पोटांत अन्न नाहीं व पाणीही कमी पडलें आहे, असें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं मुलगा हिंडूंफिरूं लागला.

त्याच संध्याकाळीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. वडिलांची पिठाची लहानशी गिरणी आहे. त्यांनीं गिरणी बंद केली, हात झटकले, आम्हांस बसावयास स्टूल दिलें आणि एवढेंच म्हटलें, “सर, तुम्ही बरोबर होतात म्हणून पाठवला होता त्याला.” हें वाक्य रागानें उच्चारलें असतें, तर आम्हांस कांहीं उत्तर सुचलें असतें. मुलाची सायकल गिरणींतल्या भिंतीवरील खुंटीला टांगलेली दिसत होती. दुसऱ्या आठवड्यापासून तो शाळेंत पायीं येऊं लागला.

सोमवारीं शिक्षकांच्या खोलींत दोन मतें ऐकूं आलीं. एक असें, कीं अशा सफरी शाळेनें मुळींच काढूं नयेत. रस्त्यावर वाहनें वाढलीं आहेत, मुलें नाजूक झालीं आहेत, आणि डोंगरगण पाहावयाचेंच तर बस करावी. दुसरें असें, कीं त्यांत विशेष कांहीं घडलें नाहीं. एक मुलगा अशक्त निघाला, बाकीचे दहा सुखरूप परत आलेच कीं! पहिलें मत भित्र्याचें व दुसरें निर्दयाचें, असें आम्ही म्हणणार नाहीं. कारण दोन्ही मतें बोलणारे आमचे स्नेही आहेत. परंतु दोहोंच्या मुळाशीं समजूत एकच आहे, ती ही, कीं लांब जाण्याची शक्ति एखाद्याच्या अंगीं असते किंवा नसते. ही समजूत आम्हांस सर्वस्वीं चुकीची वाटते. लांबची फेरी ही अंगीं असण्याची नव्हे, अंगीं आणण्याची गोष्ट आहे. आणि ज्यानें ती अंगीं आणावयाची, त्यास पुरेसा वेळ न देणें हा नेणाऱ्याचा दोष आहे, मागें पडणाऱ्याचा नव्हे. अपूर्णांक पक्के झाल्यावांचून आम्ही कोणत्याही वर्गांत बीजगणितास हात घालीत नाहीं. मग रस्त्यावर आमची ही अक्कल कोठें गेली होती?

शरीराचे निरनिराळे भाग निरनिराळ्या गतीनें तयार होतात, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. नियमानें सायकल चालविणाऱ्याचें हृदय व फुप्फुसें थोड्याच आठवड्यांत सुधारतात. दम कमी लागतो, व आतां आपण वाटेल तितकें जाऊं असें त्यास वाटूं लागतें. परंतु स्नायूंना हाडांशीं बांधणाऱ्या कंडरा त्या मानानें फार सावकाश बळकट होतात. म्हणून दम पुष्कळ आहे पण गुडघा दुखतो, अशी स्थिति उत्साही मुलाला फार लवकर गांठते. बसण्याची जागा, तळहात, मान ह्यांनाही तासतासभर तोच भार सोसण्याची संवय लागावी लागते, व ती केवळ निश्चयानें लागत नाहीं. मुलाच्या मनांत काल रात्रीं उत्पन्न झालेला उत्साह त्याच्या गुडघ्यापर्यंत पोंचण्यास दोन-तीन महिने लागतात, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

दिवाळीच्या सुटीनंतर आम्हीं पुन्हां आरंभ केला, तो ह्या हिशेबानें. पहिले दोन आठवडे अंतर मोजलेंच नाहीं, घड्याळ पाहिलें. अर्धा तास, आठवड्यांतून तीन दिवस, शाळेच्या आधीं, भिंगारच्या बाजूस जाऊन परत. तें अंतर सुमारें आठ किलोमीटर भरतें. त्यानंतर मधल्या वारच्या दोन फेऱ्या तेवढ्याच ठेवल्या व फक्त शनिवारची वाढविली : दहा, बारा, चौदा. चौथ्या शनिवारीं पुन्हां दहा. हें मागें येणें मुलांना फार अपमानाचें वाटलें. “आम्ही काय नापास झालों?” असेंही एकानें विचारलें. त्यास आम्हीं सांगितलें, कीं शेतकरी जमीन पडीक टाकतो ती कांहीं तिच्यावर रुसून नव्हे. श्रमानें शरीर झिजतें आणि विसाव्यांत तें पूर्वीपेक्षां बळकट बांधलें जातें. विसावा कापला तर केवळ झीज उरते. मग सोळा, अठरा, एकवीस. पुन्हां मागें पंधरा. आणि मग चोवीस, अठ्ठावीस, बत्तीस. रविवारीं उपासना असल्यामुळें त्या दिवशीं सायकल कोणाचीच निघत नसे, व मोठ्या फेरीनंतरचा तो विसावा आमच्या पथ्यावरच पडला. गणित आवडणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ताळा करून पाहावा : तिन्ही दिवस मिळून आठवड्याचें जें अंतर होतें, तें मागील सर्वांत मोठ्या आठवड्याहून एकदशांशापेक्षां अधिक कधींच वाढलेलें नाहीं. हा एकदशांशाचा नियम म्हणजे कांहीं दगडावरची रेघ नव्हे. कोणास कमी झेपेल, कोणास थोडें अधिक. पण ज्यास स्वतःच्या शक्तीचा अंदाज अजून आलेला नाहीं, त्याच्यासाठीं तो चांगला लगाम आहे.

वेगाला लगाम घालणें ह्याहून अवघड. मुलांना हळू चाला म्हणून सांगून कोण ऐकतो? शेवटीं आम्हीं पाढ्यांचा आश्रय घेतला. ज्यानें त्यानें चालतां चालतां सतराचा पाढा मोठ्यानें म्हणावयाचा. मध्येंच श्वास तुटला, कीं वेग कमी करावयाचा. लांबच्या फेरीचा योग्य वेग तोच, ज्यांत सोबत्याशीं पूर्ण वाक्य बोलतां येतें. ही कसोटी आमची नव्हे, व्यायाम शिकविणारे लोक ती सर्वत्र सांगतात. पाढा तेवढा आमचा. एका महाशयांचा पाढा सपाट रस्त्यावरही सतरा सातें पाशीं अडूं लागला, तेव्हां त्यांस मागें यावयास सांगितलें. त्यावर त्यांनीं श्वास उत्तम असून गणितच कच्चें असल्याचें कबूल केलें. असो.

आतां अन्नपाण्याविषयीं, कारण ऑक्टोबरांत आम्ही तेथेंच सर्वांत अधिक चुकलों. स्नायूंत व यकृतांत साठविलेली साखर नेटाच्या श्रमांत दीड-दोन तास पुरते. उपाशी निघालेल्याचा यकृतांतील सांठा तर रात्रींतच बराच खर्चलेला असतो. ती संपत आली, कीं पाय एकाएकीं शिशाचे होतात, हात कांपतात, मन खिन्न होतें, व कित्येकदां मुलगा विनाकारण रडूंही लागतो. ह्यावर निर्धार हें औषध नाहीं; केळें हें आहे. एका मध्यम केळ्यांत सुमारें पंचवीस ग्रॅम कर्बोदकें असतात, व एक तासाहून लांब फेरींत ताशीं तीस ते साठ ग्रॅम पोटांत जावीं, असें सांगतात. शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याची वडी, पोळीचा लाडू, ह्यांपैकीं जें घरांत असेल तें खिशांत असावें, आणि भूक लागण्याची वाट न पाहतां अर्ध्या-पाऊण तासानें थोडें थोडें खावें. पाणीही तसेंच. ऊन असेल तेव्हां नुसतें पाणी न घेतां त्यांत लिंबू, साखर व चिमूटभर मीठ घालावें, कारण घामांतून पाण्याबरोबर मीठही जातें. दुकानांतील रंगीत पेयांवर पालकांनीं पैसे खर्च करण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

आमचे वडील एका खेड्यांतील मिशनच्या शाळेंत शिक्षक होते. महिन्याच्या सभेसाठीं ते चोवीस किलोमीटर सायकलीनें जात, आणि परत येत. काळी, जड, पुढें कंदिलाची कडी असलेली ती सायकल. लहानपणीं त्यांच्या पाठीमागें कॅरिअरवर बसून आम्ही कधीं कधीं गेलों आहों. ते वाटेंतल्या प्रत्येक विहिरीपाशीं उतरत. तहान असो वा नसो, दोन घोट पाणी पीत, धोतराच्या सोग्यानें तोंड पुशीत, व पुन्हां निघत. आम्हांस त्याचें हंसूं येई व मनांत कंटाळाही. सभेला ते कधीं उशिरां पोंचले नाहींत, व तेथें गेल्यावर थकून निजलेले आम्हीं त्यांना पाहिले नाहींत. हें सर्व आम्हांस आठवलें तें ऑक्टोबरांतील त्या बाभळीखालीं, म्हणजे कांहींसें उशिरांच.

वाऱ्याविषयीं एक गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत घ्यावी. आपला वेग दुप्पट झाला, कीं हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो तोडण्यास लागणारी शक्ति आठपट. समोरून वारा असतां नेहमींच्या वेगाचा हट्ट धरणारा मनुष्य आपली शक्ति कोठें गेली हें न कळतांच रिकामा होतो. आमच्या भागांत पावसाळ्यांत पश्चिमेकडील वारा किती जोराचा असतो, हें ज्यानें सुप्याजवळच्या डोंगरावरील पवनचक्क्या पाहिल्या आहेत त्यास सांगावयास नको. हिंवाळ्यांत वारा बहुधा ईशान्येकडून येतो. म्हणून निघतांना वाऱ्याकडे तोंड व परततांना पाठ, असा रस्ता निवडावा. थकलेल्या मुलाला घराकडे कोणीतरी ढकलीत आहे असें वाटतें. डोंगरगणची वाट हिंवाळ्यांत ह्या दृष्टीनें फार सोयीची. पूर्वेकडे पाथर्डी रस्त्यावर, ज्यास लोक चांदबिबीचा महाल म्हणतात पण जी वस्तुतः निजामशाहींतील मंत्री दुसरा सलाबतखान ह्याची कबर आहे, त्या तिमजली अष्टकोनी इमारतीपर्यंतची फेरी अंतरानें कमी असूनही शेवटच्या चढामुळें मुलांना अधिक जड गेली. किलोमीटर सगळे सारखे नसतात.

सायकल कोणती घ्यावी, असें पालक विचारतात. जी घरांत आहे ती. वीस-पंचवीस हजारांची गिअरची सायकल चढावर सुख देईल हें खरें, पण पहिल्या तीन महिन्यांत तिची उणीव भासूं नये इतकेंच अंतर आम्ही सांगत आहों. मात्र सीटची उंची अवश्य पाहावी. आमच्या मुलांपैकीं निम्म्यांच्या सीटी इतक्या खालीं होत्या, कीं गुडघे हँडलला लागावयाचे तेवढे राहिले होते; पाय जमिनीला टेकावेत म्हणून तशा ठेवल्या होत्या, इतकेंच. पॅडल अगदीं खालीं असतां त्यावर टांच ठेवली तर पाय सरळ व्हावा, म्हणजे पुढील चवड्यानें चालवितांना गुडघ्यांत किंचित् वाक राहतो. ह्या एका दुरुस्तीनें तिघांची गुडघेदुखी थांबली, व तिला खर्च पान्याच्या चार फिरक्यांचा.

मोठमोठ्या अंतरांचे लोकही ह्याच पायऱ्यांनीं चढतात. फ्रान्समध्यें पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत व परत अशी सुमारें १२०० किलोमीटरांची एक फेरी आहे. १८९१ सालीं ती प्रथम शर्यत म्हणून निघाली. आज ती शर्यत राहिलेली नाहीं, नव्वद तासांच्या आंत पुरी करावयाची हौशी लोकांची फेरी झाली आहे. दर चार वर्षांनीं ती होते व तींत आपल्या देशांतूनही लोक जातात. परंतु वाटेल त्यानें उठावें व नांव घालावें, असें तेथें चालत नाहीं. त्याच वर्षीं २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरांच्या चार फेऱ्या नेमल्या वेळांत पुऱ्या करून दाखवाव्या लागतात. दोनशेंना साडेतेरा तास, सहाशेंना चाळीस. पहिला आला कीं शेवटचा, ह्याची नोंद महत्त्वाची नाहीं. वेळेंत आला एवढीच. पाहा, जगांतील ह्या अत्यंत कसलेल्या हौशी मंडळींनाही नववी उत्तीर्ण झाल्यावांचून दहावींत बसतां येत नाहीं!

दुसरें उदाहरण आपल्या मुंबईचें. १९२३ सालच्या ऑक्टोबरांत सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेसाठीं सायकलींवर निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्यें ती पुरी करून परतले. वाळवंटें, बर्फ, अरण्यें ओलांडून त्यांनीं सुमारें ७१,००० किलोमीटर मजल मारली. हा आंकडा ऐकून आमचा वर्ग स्तब्ध झाला. मग आम्हीं फळ्यावर भागाकार मांडावयास सांगितला. चार वर्षें पांच महिने म्हणजे सोळाशें दिवसांहून कांहीं अधिक. भागाकार आला दिवसास चव्वेचाळीस. मुक्काम, आजार, बोटीचे दिवस धरून ही सरासरी आहे, व प्रत्यक्ष चालण्याच्या दिवशीं ते पुष्कळ अधिक जात असले पाहिजेत, हें उघड आहे. तरी पण पृथ्वीला घातलेला वेढासुद्धां दिवसांत वाटला असतां डोंगरगणच्या जाण्यायेण्याहून फारसा मोठा राहत नाहीं, ही गोष्ट मुलांच्या तोंडावर आम्हांस स्पष्ट दिसली.

मुलींविषयीं. ऑक्टोबरांत एकही मुलगी नव्हती. आम्हीं विचारलेंच नव्हतें. नोव्हेंबरांत सात आल्या. त्यांपैकीं चौघी रोज पांच-सहा किलोमीटरांवरील वस्त्यांतून शाळेंत येतात, म्हणजे मुलांना ज्याची तयारी करावी लागली तें अंतर त्या दप्तरासह केव्हांच चालून बसल्या होत्या. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी ह्यांनीं २०१८ सालीं १५९ दिवसांत सुमारें २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली, हें आम्हीं एका आईस सांगितलें; तेव्हां त्या म्हणाल्या, “ते राहू द्या सर, आमची दहाच्या आत घरी येईल ना?” प्रश्न रास्त होता. ती साडेनवाला घरीं होती.

वाहनांची भीति मात्र कोणाही पालकानें मनांतून काढूं नये, व आम्हीही काढलेली नाहीं. पुणें व संभाजीनगर ह्या बाजूंचे महामार्ग ही शाळकरी मुलांच्या हौशीची जागा नव्हे. खेड्यांचे रस्ते, पहाटेची वेळ, डाव्या कडेनें एकामागें एक, भडक रंगाचे कपडे, डोक्यावर शिरस्त्राण, कानांत कांहीं नाहीं, आणि निघण्यापूर्वीं दोन्ही ब्रेक दाबून पाहिलेले. ह्यांतील एकही गोष्ट ज्यास जाचक वाटेल, त्यास आम्ही बरोबर नेणार नाहीं, व त्याबद्दल कोणी रदबदली करूं नये.

आणखी एका गोष्टीचा आम्हांस मनापासून कंटाळा आहे, ती म्हणजे फोनवर प्रत्येक फेरीचा नकाशा व वेग चढवून मित्रांस दाखविण्याची. यंत्रानें मापणें वाईट नव्हे. पण दाखविण्यासाठीं मापलेलें अंतर आपोआप वाढूं लागतें, व विसाव्याच्या शनिवारीं दहा किलोमीटर दाखविण्यास मुलगा लाजतो. ऑक्टोबरांतील ती शर्यत अशाच एका पडद्यावरील आंकड्यासाठीं होती, असें आम्हांस मागाहून कळलें. म्हणून आम्हीं प्रत्येकास एक वही दिली. अंतर, वेळ, आदल्या रात्रींची झोंप, परत आल्यावर भूक लागली कीं नाहीं, अभ्यासास बसवलें कीं नाहीं, एवढें तींत लिहावयाचें. जो परत येऊन दुपारभर झोंपला, त्याची पुढील फेरी वाढवावयाची नाहीं. बक्षीस कोणत्याच अंतराला ठेवलें नाहीं, व पुढेंही ठेवूं नये, असें आमचें शाळेस सांगणें आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत ही कोरी वही घेऊन आम्ही पुन्हां गिरणींत गेलों होतों. तेरा आठवड्यांचे आंकडे तींत मांडले होते. गिरणीवाल्यांनीं पीठ लागलेल्या बोटानें पहिली ओळ दाखवून विचारलें, “आठ किलोमीटर? एवढंच?” आम्ही म्हणालों, “एवढंच.” त्यांनीं सर्व पान वाचलें, चौथ्या शनिवारच्या दहापाशीं थांबून तें चुकून लिहिलें आहे काय असें विचारलें, व कारण ऐकून घेतलें. मग स्टुलावर चढून खुंटीवरील सायकल त्यांनीं स्वतः खालीं काढली, आणि दोन्ही चाकांत हवा भरून दिली.

फेब्रुवारींतील तेराव्या शनिवारीं सतरा जण तांबडें फुटतां फाटकांतून निघाले. तो मुलगा त्या दिवशीं सर्वांच्या मागें होता, पण थकून नव्हे. पंप, पान्हा व पंक्चरचें सामान त्याच्यापाशीं दिलें होतें, व त्याच्या मागें कोणी राहावयाचें नाहीं असा नियम होता. डोंगरगणच्या घळींतून वर येतांना कोणीही शर्यत लावली नाहीं. तीन ठिकाणीं थांबून, दोन पंक्चरें काढून, दहा वाजण्याच्या सुमारास सर्वजण परत आले. त्याच्या वहींत त्या दिवसापुढें लिहिलें आहे : ‘भूक लागली. दुपारीं भूमितीचीं पांच उदाहरणें केलीं.’ त्यांपैकीं दोन चुकलीं आहेत, पण तो भाग निराळा.

जूनमध्यें शाळा उघडल्यावर दुसऱ्या शनिवारीं सकाळीं सहा वाजतां पहिली फेरी निघेल. अंतर आठ किलोमीटर. नवीं मुलें व मुली ह्यांनीं पालकांच्या सहीची चिठ्ठी व न्याहारी, दोन्ही बरोबर आणावीं. पालकांपैकीं कोणास यावयाचें असल्यास हरकत नाहीं. एकानें आपल्या जुन्या सायकलीचें फ्रीव्हील बदलून ठेवलें आहे, व शनिवारीं सकाळीं गिरणी एक तास उशिरां उघडली तर चालेल कीं नाहीं, ह्याचा ते विचार करीत आहेत.